अधिकाचं ताट

"आई, चार्ट बघा, चांदी आता पडणार. आत्ता विका, पंधरा दिवसांत स्वस्तात परत घेऊ," असं सांगून आमच्या जावयांनी, देवेंद्ररावांनी, माझ्या माहेरचं चांदीचं ताट रावपुऱ्यातल्या सराफाकडे विकायला लावलं. तेव्हापासून भाव दुप्पट झाला, पण ताट काही परत आलं नाही.

यंदा अधिक महिना आला. जावयाला चांदीच्या ताटातून अनारसे द्यायचे, ही आपली रीत. त्यासाठी मात्र देवेंद्रराव आईवडिलांना घेऊन निजामपुऱ्याहून वेळेवर आले. मी अनारशांचं स्टीलचं ताट त्यांच्या हातात ठेवलं. विहीणबाई ताटाकडे बघतच राहिल्या.



"चांदीचं देणारच आहे हो, विहीणबाई," मी म्हटलं. "देवेंद्ररावांच्या चार्टप्रमाणे भाव पडला, की लगेच."