कडूचा वैरी

कडू औषधांची चव मारण्यात बाबांची उभी हयात गेली. हट्टी पेशंट थुंकून टाकतात, म्हणून त्यांनी औषधाच्या कणाकणावर असा लेप चढवला, की चहात ढवळा नाहीतर दुधात, कुणाच्या बापालाही पत्ता लागणार नाही!

निवृत्तीनंतर त्यांनाच गोष्टी आठवेनाशा झाल्या. पण "मला काय धाड भरलीय?" म्हणत ते डॉक्टरांनी दिलेली गोळी भिरकावून द्यायचे. लेक आठवडाभर भांडली. आज मात्र गोड हसली.

"जाऊ दे बाबा, नको तर नको गोळी. चहा तरी घे." आणि कप रिकामा व्हायची वाट बघत समोरच बसली.

बाबांनी पहिला घोट जिभेवर नीट घोळवला.



चहात कडूचा लवलेशही नव्हता, आणि बाबांचे हातपाय गार पडले.