फोटोतलं बाळ

"दुसऱ्याच्या लेकराकडं असं टक लावून बघत जाऊ नगंस, सुप्रिया," असं सासूबाईंनी, विजयमालाबाईंनी, कितीदा तरी सांगितलं होतं. सुप्रिया बी.एस्सी. झालेली. "आत्या, नजरेनं काय होतंय?" म्हणून हसण्यावारी न्यायची. आणि आज हॉस्पिटलच्या फाटकासमोर, सणसरच्या बायकांत पुढच्याच रांगेत बसून, ती दिपालीच्या शंभूराजकडं तसंच बघत होती.

हॉस्पिटल खाजगी. एक तारखेपासून बाळंतपणाचा आणि लहान मुलांचा विभाग बंद, अशी पाटी फाटकावर लागली होती. परवडत नाही म्हणे. हाडांचं आणि हृदयाचं मात्र चालू राहणार. ते बंद होऊ नये म्हणून पार डाळजपासून माणसं धरण्याला आली होती. रस्त्याच्या कडेला उसाची रिकामी ट्रॉली उभी करून तिचंच स्टेज केलं होतं.

सुप्रियानं आपल्या छकुलीला पिवळा फ्रॉक घालून आणलं होतं. छकुली सातव्या महिन्यातच झालेली, दीड किलोची. इथंच, वरच्या मजल्यावर, एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. पेपरवाले येणार म्हटल्यावर कुणाची लेक उचलून दाखवतील, याबद्दल सुप्रियाला शंकाच नव्हती.

माजी सरपंच आप्पासाहेबांनी छकुलीला एकदा खालवर न्याहाळलं.

"पोरगी गुणाची हाय. पण लई बारकी. फोटूत दिसायची न्हाय. ते दिपालीचं आणा."

दिपाली दोन घरं सोडून राहणारी. शंभूराज तिचा आठ महिन्यांचा. मनगटाला दोरा आवळल्यासारख्या वळ्या, गाल तर असे की येणारी-जाणारी बाई चिमटा घेतल्याशिवाय पुढं जात नसे. जन्मला पुण्यात, आजोळी. या हॉस्पिटलची पायरीसुद्धा त्यानं कधी बघितली नव्हती. दिपालीला ट्रॉलीवर चढवलं. तिनं पोराला डोक्याच्या वर धरलं.

"हे बघा!" आप्पासाहेब माइकवर गरजले. "हेच लेकरू हितं वाचलं!"

टाळ्या पडल्या. कॅमेरे वर झाले.

"जन्मलं पुण्यात आन वाचलं हितं," सुप्रिया सासूच्या कानाशी पुटपुटली.

"गप बस. लढा समद्यांचा हाय."

"लढा समद्यांचा. फोटो तिचा."

ती बघत राहिली. आधी त्या मांड्या बघितल्या, मग पायातले चांदीचे वाळे. झबलं वर सरकलं होतं, म्हणून मग पोट बघितलं. आणि तिथंच डोळे थांबले. प्रत्येक श्वासाला शंभूराजच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. पडत होता, भरत होता, पुन्हा पडत होता. एकोणीस दिवस तिनं काचेपलीकडं हेच बघितलं होतं. मोबाइलवर सेकंद लावून तिनं मोजलं. मिनिटाला अडुसष्ट श्वास. पन्नासाच्या वर गेले की धोका, हे तिला तिथंच कळलं होतं.

तरी ती उठली नाही.

एक घोषणा होऊ दिली. मग आणखी एक. आपण का बसलोय हे तिला नीट माहीत होतं, आणि तेच तिला सहन होईना. छकुलीला सासूच्या मांडीवर टाकून ती ट्रॉलीपाशी गेली.

"दिपाली, खाली घे त्याला. श्वास बघ त्याचा."

"सर्दी हाय नुसती." दिपालीनं पोराला छातीशी धरलं. "सकाळपासनं तुझंच डोळं बघतीय मी. तुला बघवंना व्हय गं?"

चार बायका हसल्या. एक म्हणाली, "अगं, तिच्या पोरीला न्हाय ना घेतलं, म्हणून."

सुप्रियाचे कान तापले. खोटं काहीच नव्हतं.

"नाही बघवत," ती म्हणाली. "जळतेच मी तुझ्यावर. आता तू त्याचं पोट बघ."

दिपालीनं झबलं वर केलं. हसणं जागच्या जागी थांबलं.

वॉचमननं फाटक उघडलं. वरच्या मजल्यावर काचेच्या पेट्या होत्या, पण त्यांना प्लास्टिक गुंडाळून झालं होतं. बंद व्हायला सहा दिवस होते, मुलांचे डॉक्टर शनिवारीच गेले होते. हाडांच्या वॉर्डातली सिस्टर पळत आली, तिनं मोठ्या माणसाचा मास्क त्या एवढ्याशा तोंडावर धरला आणि म्हणाली, "बारामतीला न्या. थांबू नका."

आप्पासाहेबांनी आपली गाडी दिली. पुढं उसाच्या गाड्यांची रांग होती. तासाभरापूर्वी घोषणा देणारी पोरं आता रस्त्यावर धावत, शिट्ट्या मारत, एकेक ट्रॅक्टर बाजूला घेत होती. गाडी दिसेनाशी झाली तरी आप्पासाहेब माइक धरून उभे होते. तो चालू होता. त्यातून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

शंभूराज सुधारला, असं कळतं. दिपाली अजून परतलेली नाही. डॉक्टर जवळ हवेत म्हणून बारामतीतच, कसब्यात, बहिणीकडं राहिली आहे. फोन सगळ्यांना करते. सुप्रियाला करत नाही, आणि सुप्रियाची करायची हिंमत होत नाही. उठून उभं राहायला किती वेळ लावला, ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. बारामतीला निघालेलं कुणी दिसलं की ती एसटीच्या थांब्यापर्यंत मागं जाते. तुम्ही निघाला असाल तर तुम्हालाही गाठेल.

"कसब्यात जाऊन याल का? तो झोपलेला असताना बघा. झबलं जरा वर करून, पुरतं एक मिनिट. माझं नाव काढू नका. आणि वजन किती भरतंय, तेही विचारा. सहज."