तिसऱ्या ओळीतली चूक

घरची सगळी माणसं क्रुसाजवळच्या लदीनीला, प्रार्थनेला, गेली तशी फ्लॉसीनं दाराला कडी घातली, पंखा बंद केला आणि टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट सारली. डोकं दुखतंय, असं तिनं आईला सांगितलं होतं. लदीन चुकवायची तर डोकंच दुखावं लागतं. पोट दुखलं तर आई ओवा चारते आणि हाताला धरून नेते.

कॅसेट नरहरीची. तो गोखिवऱ्याचा, पोस्टात कारकून. सातिवलीच्या कारखान्यात फ्लॉसीच्या शेजारी बसून पॅकिंग करणारी मालन, तिचा थोरला भाऊ. कारखान्याच्या पूजेला फ्लॉसी गायली तेव्हा तो म्हणाला होता, "आवाज गोड आहे तुमचा, पण शिस्त नाही. गाणं भरून पाठवा. चुका मी सांगतो." तेव्हापासून ती कॅसेट मालनच्या डब्याच्या पिशवीतून फ्लॉसीचं उमेळं ते गोखिवरं अशा खेपा करत होती. फ्लॉसी सिनेमातलं गाणं भरून पाठवायची आणि त्याच्यापुढे नरहरी आपला शेरा भरायचा. "मागे आरवणारा तुमचा कोंबडा तुमच्यापेक्षा सुरात आहे," असंही एकदा त्यानं ऐकवलं होतं. आणि जिथे ती चुकली असेल, तेवढी ओळ तो स्वतः गाऊन दाखवायचा.

त्या एका ओळीवर फ्लॉसी आठवडा काढायची. पण कॅसेट एकच. पुढचं गाणं भरलं की आधीचा त्याचा आवाज पुसला जायचा. म्हणून ती चुकायची. सध्याचं गाणं तोंडपाठ असलं तरी दर खेपेला दुसऱ्या अंतऱ्यातल्या तिसऱ्या ओळीत ती सूर मुद्दाम खाली सोडायची. पस्तिशीची बाई, चर्चच्या गायनमंडळात पहिल्या रांगेत उभी राहणारी, आणि खूळ शाळकरी पोरीचं! नरहरीला बायको आहे, हे तिला ठाऊक होतं. पण कॅसेटमध्ये बायको नव्हती.

तिनं बटण दाबलं. आधी तिचंच गाणं आलं. तिसरी ओळ ठरल्याप्रमाणे घसरली. मग तो खाकरला.

"फ्लॉसीबाई, पाचवी खेप झाली. ही जागा काही जमत नाही तुम्हाला. दोष माझाच असेल. पुरुषाच्या पट्टीतून ती उमगत नसावी. तेव्हा आज आमची नर्मदा गाऊन दाखवील. ती माझ्याकडेच शिकली आहे. नीट ऐका."

खुर्ची सरकली. चपला वाजत बाहेर गेल्या.

फ्लॉसीनं आठवडाभर जिची वाट पाहिली ती ओळ आता दुसरीच कुणी गाणार होती. टेप बंद करावी असं वाटलं, पण तिनं ती चालूच ठेवली.

नर्मदा गायली. कसला नखरा नाही, घाई नाही. ओळ जिथे उतरायला हवी तिथेच उतरली. आपल्यापेक्षा ही चांगली गाते, हे फ्लॉसीला मनातल्या मनात कबूल करावंच लागलं. गाणं संपलं, पण टेप बंद झाली नाही. नर्मदेचा आवाज एकदम खाली आला.

"बाई, ते केळींना पाणी सोडायला गेलेत, म्हणून बोलते. ही ओळ तुम्हाला येते. त्यांना आठवत नाही, पण पहिल्या खेपेला तुम्ही बिनचूक म्हटली होती. मी भाकऱ्या थापत होते, ऐकली. त्या दिवशी ते नुसतं 'छान' म्हणाले आणि टेप बंद केली."

बाई समोरच उभी असावी तसा फ्लॉसीनं पदर सारखा केला.

"मी रागावले नाही हो. लग्नाच्या आधी मीपण अशीच चुकायचे. मग सगळं बरोबर यायला लागलं, आणि त्यांचं गाणं थांबलं. आता ते गातात ते तुमच्या कॅसेटीतच. मी आतून ऐकते. हे गाणं आता सोडा. नवं घ्या, आणि त्यात चुका. एवढं ऐकलंत की पुसून टाका."

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, अंगणातून, नरहरी ओरडला, "नर्मदा, झालं का गं? चहा टाक की!"

"टाकते," नर्मदा म्हणाली, आणि खट्‌ असा आवाज होऊन सगळं थांबलं.

बाहेर लदीन संपत आली होती. शेवटचं गीत सुरू झालं होतं. आता चणे वाटतील आणि माणसं घरी परततील. त्याआधी नवं गाणं भरायचं, म्हणजे हे सगळं पुसलं जाईल. एक गाणं तिच्या मनात तयारही होतं.

तिनं टेप मागे घेतली. नर्मदेची ओळ तिला नको होती. नर्मदेचं बोलणंही नको होतं. तिनं टेप पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली आणि तिला हवं होतं ते सापडलं.

"चहा टाक की!"

चार महिन्यांत तो तिच्याशी असा कधी बोलला नव्हता. नेहमी 'तुम्ही', 'बाई', 'नीट ऐका'. गाताना त्याचा आवाज सुंदर लागायचा, पण तो सगळ्या जगासाठी लागायचा. हा ओरडा फक्त एका घरासाठी होता.

तिनं पुन्हा मागे घेतलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा मात्र नर्मदेनं उत्तर द्यायच्या आत तिनं बटण दाबून टेप थांबवली.

"टाकते," फ्लॉसी म्हणाली.