यजमानांचा नंबर

मॉलमधल्या दुकानात छपाईच्या यंत्राने मोबाइल नंबर मागितला, तसा कुमुदताईंनी सवयीने यजमानांचाच टाकला. गॅस, बँक, वीज, सगळीकडे तोच तर दिलेला!

"ओटीपी टाका," पडद्यावर अक्षरं उमटली.

"अहो, आकडे सांगा हो," मागे न बघताच त्या म्हणाल्या.

रांगेतली मुलगी गोंधळली. "काका बाहेर आहेत का? बोलावू?"

कुमुदताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पर्समधून यजमानांचा फोन काढला. तीन आठवडे रोज न चुकता चार्ज केलेला. ते सांगायचे तसेच, दोन-दोन आकडे करून त्यांनी स्वतःलाच सांगितले, "सव्वीस... एक्केचाळीस..."

यंत्र घरघरलं. यजमानांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती बाहेर आल्या. कागद अजून उबदार होते. कुमुदताईंनी ते लगेच पिशवीत घातले नाहीत.