उंबऱ्यावरचं माप

“आधी घर नीट करा मंदाकाकू, मग तुमच्या हेरंबला मुली सांगून येतील,” मध्यस्थ म्हणाले होते. गल्लीतली सगळीच जुनी घरं पूर्वीसारखी करायचं काम निघालं होतं. काकूंनीही होकार दिला. वर्षभरात सिमेंट उतरलं, चुना चढला, सज्ज्यावरची कोरीव वेल पुन्हा पालवली.

पहिलं स्थळ आलं ते ऋजुताचं. तिने सज्जा पाहिला, तुळया पाहिल्या, दारावरून मायेने हात फिरवला. चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या हेरंबकडेही एकदा पाहिलं.

आठवड्याने तिच्या आईचा फोन आला. “दुसरीकडे ठरलं हो तिचं. मुलाचा नवा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. पण लग्नाआधीचे फोटो तुमच्याच दारात काढायचे म्हणते. नाही म्हणू नका.”

काकूंना नाही म्हणवेना. शेजारीण म्हणाली, “फोटोंसाठी गल्लीत दारोदारी नवऱ्या उभ्या, नि घरात एकही नाही.”

ऋजुता नऊवारी नेसून आली, सोबत होणारा नवरा. फोटोग्राफरने उंबऱ्यावर ठेवायला माप मागितलं. काकूंनी ते काठोकाठ तांदळाने भरून दिलं. ऋजुताने उजव्या पावलाने माप लवंडलं, आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, “ये गं बाई, आत ये.”

“आत नको, मागे या,” फोटोग्राफर म्हणाला आणि हेरंबकडे वळला. “दादा, तेवढे तांदूळ परत भरा. अजून एकदा घेऊ.”