पाचवा उद्गार

चर्चच्या पाळकांनी चिठ्ठी पुढे धरली तेव्हा शिंपीण शर्टाची काजं करत होती. तिनं सुई कापडात खोवली, चिठ्ठी वाचली आणि होती तशी परत सरकवली. मग टेबलावर पसरलेल्या काळ्या कापडावर खडूनं लिहिलं, ‘दुसरं कुणी बघा.’

“दुसरं कुणी कशाला, ताई? वीस वर्षं पाचवा उद्गार तुमचाच आहे.”

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी चर्चमध्ये तीन तास उपासना चाले. क्रूसावर खिळलेल्या येशूनं काढलेले सात उद्गार सात जण पुढे येऊन म्हणत. सहा जण वाचत. ती मात्र गायची. ‘मला तहान लागली आहे.’ चारच शब्द, पण तिच्या गळ्यातून ते असे उतरत, की कुणी मधाचं बोट चाटवावं. बायका रुमाल काढत. उपासना सुटली की दाराशी घोळका जमे. काय गळा, काय गळा! गल्लीत तिला बासरी म्हणत ते काही उगीच नाही.

मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, जीव राखला. आवाज गाठीबरोबर गेला. मागे उरली ती खरखर, वाळूवरून पत्र्याची पेटी ओढावी तशी. त्याला आठ महिने झाले होते. गिऱ्हाइकांशी ती खडूनं बोले, घरात खुणांनी. देवाशी बोलणंच सोडलं होतं. डोळे मिटले की एकच प्रश्न वर यायचा. तुला द्यायला माझ्यापाशी एवढंच तर होतं. तेही तुला नकोसं झालं? रविवारी ती शेवटच्या बाकावर बसे. गीत सुरू झालं की ओठ घट्ट मिटून घेई.

टेबलाखालून ठोकण्याचा आवाज थांबला. डुगडुगता पाय बसवायला आलेल्या सुतारमामांनी डोकं बाहेर काढलं. मामा चर्चमध्ये प्रसिद्ध होते ते झोपेसाठी. तिसऱ्या खांबाला डोकं टेकायचं आणि पहिल्या गीतालाच घोरायला लागायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम.

“पोरी, तू गाणं सोडलंस आणि माझ्या झोपेचं खोबरं झालं बघ. तुझ्या त्या चार शब्दांवर काय डोळा लागायचा!”

“मामा, जनाची नाही तर मनाची तरी!” पाळक म्हणाले.

“आता पाळकांसमोर खोटं बोलू होय?”

शिंपिणीच्या हातून खडू सुटला. “या आवाजाला अख्खं चर्च हसेल,” ती खरखरली.

“आवाज कसला, बिजागरी आहे ती. तेल घाल थोडं.”

पाळकांनी कपाळाला हात लावला. तिला मात्र आतून काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. आठ महिन्यांत सगळ्यांनी तिची कीव केली होती. थट्टा आज पहिल्यांदा झाली. तिनं खाली वाकून खडू उचलला. ‘एकदाच येईन. कुणी हसलं, नाही तर कीव केली, तर त्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.’

पाळकांनी दोनदा वाचलं आणि होकारार्थी मान हलवली. चिठ्ठी टेबलावरच राहिली.

शुक्रवारी ऊन उभं तापलं होतं. खिडक्या उघड्या होत्या, वारा नव्हता. गळा दर घटकेला ओला करत जा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण उपास म्हणून तिनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. चौथा उद्गार झाला. ती उठली. पाय दुसऱ्याचे असावेत तशी चालत पुढे गेली.

तिथून सगळे दिसत होते. गायकवृंदातल्या बायकांनी नजरा आधीच खाली घातल्या होत्या. आली, कीव आली, तिला वाटलं. तिसऱ्या खांबाशी मामा तोंड उघडं टाकून झोपले होते.

तिनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. ती आवंढा गिळायला गेली, पण गिळायला काही नव्हतं. जीभ टाळूला चिकटली होती.

“मला...”

कुठंतरी बाक करकरलं.

“तहान...” शब्द घशाला ओरबाडत वर आला. “लागली आहे.”

कुणी रुमाल काढला नाही. कुणी हललं नाही. संपलं, तिनं मनाशी म्हटलं, आणि दाराच्या दिशेनं वळली.

समोरून सुतारमामा येत होते. डोळे झोपेनं लाल, बाहीवर लाकडाचा भुसा. मधल्या वाटेनं, हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत.

“मामा, अहो, खाली बसा!” बाकावरून कुणीतरी कुजबुजलं. “ते उद्गार चाललेत!”

“ठाऊक आहे मला,” मामा न थांबता म्हणाले. “चाळीस वर्षं ऐकतोय.”

तिच्यापुढे येऊन त्यांनी बाटली धरली. पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं. त्यांची नजर तिच्यावरून वर, मागच्या भिंतीवरच्या क्रूसाकडे गेली आणि पुन्हा तिच्याकडे आली.

“घे,” ते म्हणाले. “आज ऐकू आलं.”

तिनं बाटली दोन्ही हातांत घेतली. वीस वर्षं ती हेच चार शब्द गात आली होती. वीस वर्षांत पाणी घेऊन कुणी उठलं नव्हतं.