साहेबांची डबी

प्राणिसंग्रहालयातल्या माकडांना जंत झाले, तेव्हा अधीक्षकांनी तपास न करताच खापर राखणदाराच्या माथी फोडले. "याच्याच पोटातून आले," म्हणत त्याला चारचौघांत हाकलले, पिंजरे निर्मळ झाल्याचे जाहीर केले आणि माकडांची तपासणीही बंद करून टाकली. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताई त्या राखणदाराची थोरली बहीण. त्यांनी अपमान गिळला, पण पचवला नाही.

सहा महिन्यांनी सर्व कर्मचाऱ्यांच्या शौचाची तपासणी ठरली. "पहिली डबी माझी!" असे अधीक्षकांनी ऐटीत सांगितले आणि सकाळी ती पोचवलीही. दुपारी त्यांच्याच हुकमाप्रमाणे निकाल फलकावर लागला: अधीक्षकांच्या पोटात जंत.

ते धापा टाकत प्रयोगशाळेत आले आणि दार लोटून घेत पुटपुटले, "ताई, अहो, सकाळी पोटानं दगा दिला, काही झालंच नाही. सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलो होतो, म्हणून माकडांच्या पिंजऱ्यातलंच थोडं भरून पाठवलं. तो कागद आधी काढा!"

"ठाऊक आहे, साहेब. माणसाच्या शौचात माकडाचे केस नसतात."

"मग मुकाट्यानं दुरुस्त करा की!"

ताईंनी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"करते ना. आत्ता बोललात ते सहीनिशी लिहून द्या. माझ्या भावाला काढून सहा महिने झाले तरी पिंजऱ्यात जंत आहेतच, हेही लिहा. नाहीतर राहू द्या ते जंत आपल्याच पोटात. मला दोन्ही चालेल."